डॉक्टरबाईंना विचारायचं राहिलेलं

(रोह्याजवळ वरसे. दुपार कलली आहे. सरू आणि तिची सासू धोंडुबाई ओटीवर समोरासमोर बसून मोड आलेले वाल सोलतायत. आज सांगून टाकावं, असं सरूला सकाळपासून वाटतंय. पण सुरुवात सासूनंच केली आहे.)

धोंडुबाई: म्हंजे पेनला गेलीस ती खरी. फक्त जोह्याला आईकडं गेली नायस.

सरू: तुम्हाला कोण म्हणालं?

धोंडुबाई: तुझी आईच. सकाळी फोन केलान तिनं. म्हनली, विहीनबाय, सरू बरी हाय ना, महिना झाला तोंड दाखवलं नाय. मी म्हटलं, बरी हाय, कामात हाय.

सरू: माझ्यासाठी खोटं बोललात?

धोंडुबाई: मंग काय सांगू? तुझी लेक दोनदा तुझ्याकडं म्हनून निघाली नि तुझ्याकडं पोचलीच नाय, असं? तीच घाबरली असती. आता सांग, आजारी कोन हाय? तू का निलेश?

सरू: आजारी कोणी नाय, आई.

धोंडुबाई: कपाटात फाईल बघितली मी. वाचता येत नाय, पन पोटाचा काळा फोटू वळखता येतो मला.

सरू: सोनोग्राफी आहे ती. पेणच्या डॉक्टरबाईंकडे केली. हे पण होते बरोबर, दोन्ही वेळेला.

धोंडुबाई: निलेश? तो तर डबल शिफ्ट हाय म्हनला.

सरू: सुट्टी टाकली होती.

धोंडुबाई: म्हंजे दोघंबी खोटारडे. बरं. गाठ हाय का काय पोटात?

सरू: गाठ नाय. मूल होईल का, ते विचारायला गेलो होतो.

धोंडुबाई: कोनाला?

सरू: मला.

धोंडुबाई: तुझं तर ऑपरेशन झालंय.

सरू: म्हणूनच. ऑपरेशन झाल्यावर काय करता येतं, ते विचारायचं होतं.

धोंडुबाई: अकरा वरसं झाली असतील की त्याला.

सरू: आदर्श दोन महिन्यांचा होता. आरोग्य केंद्रात शिबिर लागलं होतं. कोणी जबरदस्ती नव्हती केली हां. पिंकीचे पप्पा तेव्हाच आजारी पडलेले, पुढे त्यातच गेले. अंथरुणावर नवरा, दोन पोरं, नि मी दिवसभर कारखान्यात गणपतीचे डोळे आखते. तिसरं पोटात राहिलं असतं तर काय केलं असतं मी? माझ्या पायांनी चालत गेले. अजूनही कोणी विचारलं, चुकलं का, तर नाय म्हणेन. तेव्हा तेच बरोबर होतं.

धोंडुबाई: मंग आता काय बिघडलं?

सरू: बिघडलं नाय काही. सुधारलं.

धोंडुबाई: निलेशच्या डोक्यात आलं का हे?

सरू: नाय. ह्यांचा तो मित्र नाय का, जितेश, त्याच्या मुलीच्या बारशाला गेलो होतो ना आपण. हे कितीतरी वेळ ते बाळ घेऊन बसले होते.

धोंडुबाई: बघितलं मी. म्हंजे त्याला पोर हवं वाटलं.

सरू: त्यांनी तसं एक अक्षर नाय काढलं. बाळ त्यांच्या हातात होतं, नि हवं वाटलं ते मला.

धोंडुबाई: दोन हायत की तुला. सोन्यासारखी.

सरू: आहेत. पण पिंकीच्या वेळेला नऊ महिने भरेपर्यंत मी कारखान्यात उकिडवी बसून काम करायची. आदर्शच्या वेळेला एक डोळा पोरावर नि एक पिंकीच्या पप्पांच्या औषधांवर. त्यांची पहिली पावलं मी बघितलीच नायत, शेजारणीनं सांगितली. आता ह्या घरात मला सकाळी उठल्यावर धडधडत नाय. एकदा तरी असं, धडधड नसताना, पोर मांडीवर घ्यावं वाटतं. चौतीस वर्षांची झाले मी. थांबले तर ते पण राहून जाईल.

धोंडुबाई: हं. नि काय म्हनली ती डॉक्टरीन?

सरू: दोन रस्ते सांगितले. माझं ऑपरेशन दुर्बिणीचं होतं. त्यात नळ्या तोडत नायत, रिंग घालून आवळून टाकतात. तो आवळलेला तुकडा काढून दोन्ही टोकं परत शिवता येतात.

धोंडुबाई: मानसाचं आतलं शिवतात?

सरू: केसाहून बारीक दोऱ्यानं. पोट उघडायला लागतं, चार दिवस दवाखान्यात राहायचं. मग घरी येऊन वाट बघायची. सहा महिने, वर्ष. नळ्या चांगल्या जुळल्या तर निम्म्याहून जास्त जणींना राहतं म्हणाल्या.

धोंडुबाई: नि दुसरा?

सरू: टेस्ट ट्यूब. त्यात नळ्यांना हातच लावायचा नाय. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन. मग बीज बाहेर काढतात, ह्यांच्या बीजाशी बाहेरच जुळवतात, नि पाच दिवसांनी गर्भ पिशवीत सोडतात. ते पनवेलला करायला लागेल. माझ्या वयाच्या तीन बायकांत एकीला राहतं.

धोंडुबाई: म्हंजे दोघींना नाय.

सरू: दोघींना नाय.

धोंडुबाई: मंग पयलंच बरं की. घरचं घरी.

सरू: त्याच्यात एक आहे. जोडलेल्या जागी नळी अरुंद होते. एखादीला गर्भ पुढे सरकतच नाय, नळीतच वाढायला लागतो. मग नळी फुटते, आतल्या आत रक्त जातं. तेव्हा लगेच गाडी काढून...

धोंडुबाई: बस.

सरू: आई?

धोंडुबाई: बस म्हटलं. पुढचं सांगू नको.

सरू: पातेलं कलंडलं तुमच्या हातनं. राहू दे, मी वेचते. चेहरा कसा झालाय तुमचा. पाणी आणू?

धोंडुबाई: नको. खाली बस. किमया कशानं गेली, निलेशनं काय सांगितलंय तुला?

सरू: तापानं. भिंतीवरच्या फोटोबद्दल विचारलं होतं मी, नवीन होते तेव्हा. म्हणाले, बहीण माझी, ताप डोक्यात गेला.

धोंडुबाई: ताप नव्हता गो. बाळंतपन होतं.

सरू: काय सांगताय.

धोंडुबाई: पयलं बाळंतपन. सातव्यात माझ्याकडं आनली. खात होती, पीत होती, चालत होती. मुलगी झाली तिला, नीट झाली. नि मंग रक्त थांबंना. डॉक्टरांनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं, मी कोनाला बोल लावत नाय. म्हनले, पेनला न्या. गाडीत डोकं माझ्या मांडीवर. मला म्हनली, आये, पाय गार पडले. मी माझा पदर गुंडाळला तिच्या पायांना. पेन यायच्या आदीच गेली. पोर पन आठ दिसांनी गेली.

सरू: तीन वर्षं मी ह्या घरात आहे. कोणीच बोललं नाय मला.

धोंडुबाई: मीच सांगितलं होतं निलेशला, सुनेला कळता कामा नये. आता येवढं सांगितलं तर सगळंच सांगते. तुझं स्थळ दाजीनं आनलं, निलेशच्या मावशीच्या नवऱ्यानं. तवा सगळी भावकी म्हनली, पोरगा चाळिशीला आला म्हनून काय झालं, दोन पोरांची बाई, त्यात ऑपरेशन झालेली. मी म्हटलं, मंग तीच करा.

सरू: मला वाटायचं, तुमचं मन मोठं म्हणून.

धोंडुबाई: मोठं नव्हतं, भ्यालेलं होतं. म्हटलं, सून येईल, तयार पोरं येतील, घर भरंल. नि परत माझ्या घरात कोनाला कळा यायच्या नायत. तुला बघायला आले तवा तुझं तोंड नंतर बघितलं मी. आदी ऑपरेशनाचं नक्की करून घेतलं.

सरू: आठवतंय मला. दोनदा विचारलं होतंत. मला वाटलं, मोडायला निमित्त शोधताय.

धोंडुबाई: राग आला?

सरू: राग नाय आला. पण थांबा, आधी खाली सांडलेलं वेचते.

धोंडुबाई: बरं. वाल तेवढे वेच. तो बघ, आला निलेश. पयल्या शिफ्टची गाडी आली वाटतं.

निलेश: काय झालं? अशा का बसल्यायत दोघी? वाल काय हे, सगळ्या ओटीभर.

धोंडुबाई: डबा ठेव नि बस. पेनचं सांगितलं हिनं मला.

निलेश: सांगितलंस तू? रविवारी दोघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं ना.

सरू: रविवारपर्यंत निभावलं नसतं. नि आईंनी मला किमयाताईंचं सांगितलं.

निलेश: आई, तूच मला गळ्याची शपथ घातली होतीस.

धोंडुबाई: घातली होती. आता उतरवली.

सरू: शपथ नसती तर सांगितलं असतंत?

निलेश: नसतं बहुतेक. गाडी मी चालवत होतो, सरू.

सरू: म्हणून डॉक्टरबाईंनी तुमची इच्छा विचारली तर तुम्ही म्हणालात, हिची असेल ती. लय राग आला होता मला. वाटलं, ह्यांना नकोच आहे, माझ्या समाधानाला बरोबर येतायत.

निलेश: हवं आहे. पिंकी-आदर्श आहेत, त्यांच्यात मला काही कमी नाय, ते तुला माहितीय. तरी पण सुट्टीच्या दिवशी घरी असलो की हवं वाटतं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर कोणी डोकं टेकून झोपलेलं दिसतं, नि नको वाटतं. रोज दोन्ही. डॉक्टरांच्या फॉर्मवर दोन्हीकडे टिक करता येत नाय ना.

धोंडुबाई: पोरांना ठाव हाय का?

सरू: पिंकीला सांगितलं. तेरा वर्षांची आहे, तिच्यापासून लपत नाय काही.

धोंडुबाई: माझ्या आदी? काय म्हनली?

सरू: पहिल्यांदा म्हणाली, शाळेत मी काय सांगू. मग म्हणाली, मी अभ्यासाला बसेन तेव्हा त्यानं रडायचं नाय.

धोंडुबाई: अजून इंजेक्शन टोचलं नाय नि हिचे नियम सुरू. बरं, मला एक सांगा. ह्या दोन रस्त्यांत बाईच्या जिवाला धोका कमी कशात?

निलेश: सक्सेस रेट म्हणशील तर, नळ्या जोडल्यावर...

धोंडुबाई: ते नाय विचारलं मी.

निलेश: खर्चाचं मी बघतो, त्याचं टेन्शन नको.

धोंडुबाई: ते पन नाय विचारलं.

सरू: आई, ते आम्ही विचारलंच नाय.

धोंडुबाई: दोन वेळा गेलात. पोर कवा व्हईल, कसं व्हईल, किती बायकांना व्हतं, सगळं विचारून आलात. नि हिचं काय, ते राहिलंच?

निलेश: मी विचारायला पाहिजे होतं.

धोंडुबाई: तूच विचारायला पायजे होतंस. परत कवा जायचंय?

सरू: सोमवारी.

धोंडुबाई: मी येते.

निलेश: तू? किमया गेल्यापासून तू पेणच्या रस्त्याला पाय ठेवला नायस.

धोंडुबाई: म्हनून तर येते.

सरू: नि डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका दोन्हीकडे आहे, तर?

धोंडुबाई: तर तू ठरव. पोट तुझं हाय. मी नको म्हननार नाय. कर असं पन माझ्या तोंडातनं निघनार नाय, ती आशा ठेवू नको. मी बरोबर असनार, येवढंच.

सरू: नि मी म्हटलं, आहे तसंच राहू दे, तर?

धोंडुबाई: तर देवाला नारळ ठेवीन. पन मला बरं वाटावं म्हनून तसं ठरवू नको. मी किती वरसं हाय अजून. तुला लय काढायचीत.

*

निलेश: आई, उतर ना खाली. पनवेलपासून थांबलो नाय, वडखळ आलंय, चहा घेऊ. रोहा लांब आहे अजून.

धोंडुबाई: मला हितंच दे गाडीत. सरू, तू पन बस माझ्याजवळ. उन्हात उभी राहू नको.

सरू: मला काही झालं नाय, आई.

धोंडुबाई: निलेश, कागद परत वाच रे.

निलेश: किती वेळा वाचू? निगेटिव्ह. टेस्ट ट्यूबचा गर्भ ठेवून आज चौदा दिवस झाले, रक्तात काहीच आलं नाय. राहिलं नाय म्हणजे.

धोंडुबाई: मशीन चुकलं असंल.

सरू: चुकत नाय ते. नि मला कालपासूनच कळलं होतं. पहिल्या दोन्ही वेळेला जसं वाटलं होतं, तसं अंगात काहीच वाटत नव्हतं.

धोंडुबाई: मी मधी पडले नसते तर दोन ठेवले असते डॉक्टरीनीनं. दोनातलं एक राहिलं असतं.

सरू: असं काही मनात आणू नका. तुम्ही विचारलंत म्हणून बाईंनी सगळं समजावून सांगितलं. टेस्ट ट्यूबमध्ये नळीत अडकायची भीती कमी. पण दोन ठेवले नि जुळं राहिलं तर बाळंतपण जड, रक्त जायची भीती जास्त. म्हणून एकच ठेवा, हे मी म्हटलं होतं, तुम्ही नाय.

निलेश: सही पण हिनंच केली, आई. मी फक्त पेन दिला.

धोंडुबाई: तुझ्याकडनं तेवढंच व्हतं.

सरू: आई, एक विचारू? राग मानू नका. सुटल्यासारखं वाटतंय ना तुम्हाला?

धोंडुबाई: खरं सांगू?

सरू: खरंच सांगा.

धोंडुबाई: डॉक्टरीनीनं मान हलवली तवा पयल्यांदा माझा श्वास मोकळा झाला. म्हटलं, सरू वाचली. मंग बाहेर बाकावर येऊन बसले, नि डोळ्यातलं पानी थांबंना. समोरची बाय मला रुमाल द्यायला लागली. सुटले म्हनून रडत होते का गेलं म्हनून, माझं मलाच कळलं नाय.

सरू: मी आत नव्हते रडले. बाहेर तुम्हाला बघितलं नि रडू आलं.

धोंडुबाई: चौदा दिस मी वेड्यासारखी करत होते. तू वाकलीस की धावत यायची मी. नि तू झोपलीस की एकटी बसून नावं काढायची मी. दोन काढली होती.

निलेश: तू नावं काढत होतीस? कुठली?

धोंडुबाई: आता नाय सांगत.

निलेश: मी काय म्हणतो सरू, आता जरा दम खा. गणपतीचा सीझन तोंडावर आलाय, कारखान्यातनं तुला रोज फोन येतायत. तू जा, जोह्याला राहा महिना-दोन महिने, आईकडे. पोरांचं आम्ही दोघं बघू. पुढचं नंतर बघू. नाय बघितलं तरी माझं काही म्हणणं नाय. हे बसमधल्या त्या सीटला घाबरून नाय, ती डोक्यातनं काढून बोलतोय.

सरू: बाई पण तेच म्हणाल्या. घाई नाय. इथंच थांबलात तरी तुमचं काही चुकलं असं नाय. मला आत्ता खरं सांगायचं तर काहीच नकोय. इंजेक्शन नको, सोनोग्राफी नको, कोणी हळू चाल म्हणायला नको. पालथं झोपायचंय मला. महिना झाला कुशीवर झोपून.

धोंडुबाई: झोप की. आज जेवायच्या आदीच झोप.

सरू: नि दुसरा आहेच ठेवलेला. तो कुठं जात नाय.

धोंडुबाई: दुसरा कोन?

सरू: गर्भ. दोन तयार झाले होते ना. एक माझ्या पिशवीत सोडला, दुसरा पनवेलला गोठवून ठेवलाय.

धोंडुबाई: मला वाटलं, उरलेला टाकून देतात.

सरू: टाकत नायत. आपण सांगू तोपर्यंत सांभाळतात.

धोंडुबाई: बरफात?

निलेश: बर्फाच्या कितीतरी पट गार, आई. नायट्रोजन असतो, नळकांड्यात. आमच्या कंपनीत पण आहे. हात घातला तर हात जाईल.

धोंडुबाई: नि त्याला काय व्हत नाय?

सरू: नाय. वाढत नाय, मरत नाय. जसा ठेवला तसाच राहतो. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा.

धोंडुबाई: तो पन तुझा नि निलेशचाच ना?

सरू: हो. दोघांचाच.

धोंडुबाई: हं. चहा गार झाला माझा. दुसरा सांग रे.

निलेश: दुसरा घेतलास तर उशीर होईल. पोरं शाळेतनं यायची वेळ झाली.

धोंडुबाई: पिंकीकडं चावी हाय. सांग दुसरा. सरू, तुला पन घे.

सरू: मला नको. काय झालं, आई? कसला विचार करताय?

धोंडुबाई: काय नाय. तू झोप पालथी, जोह्याला जा, गनपतीचे डोळे काढ. तुला हवं तेवढे दिस घे, मी एका शब्दानं विचारनार नाय. पन आपलं पोर हाय गो ते. त्याला असं थंडीत किती दिस ठेवायचं?